काळ्या मातीवर रहीमसाबचा फुटबॉल

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतून आलाय. गुरुजींनी सहावी ते आठवीच्या लेकरांना भारतीय फुटबॉल संघाचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा 'मैदान' सिनेमा दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून लेकरं पीटीच्या तासाला फुटबॉलशिवाय दुसरं काही मागेनात. शाळेकडं बॉल एक, लेकरं ३४, त्यात १५ मुली, ग्राउंड काळ्या मातीचं. गुरुजी विचारतात, रहीमसाब खरंच सिनेमातल्यासारखं शिकवायचे का, आणि त्यातलं आमच्याकडं काय जमेल?

गुरुजी, जमण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं पडद्यावर दिसत नाही. तीन तासांच्या सिनेमाला मोठे सामने लागतात, ड्रेसिंग रूममधलं बोलणं लागतं, फुटबॉल फेडरेशनमधली भांडणं लागतात. रहीमसाबचं पाया घालण्याचं काम हैदराबादच्या शाळांत आणि तिथल्या पोरांच्या स्पर्धांत झालं. ते मुळात तुमच्यासारखेच शाळामास्तर. जन्म १९०९ चा, उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, काचीगुडा आणि चादरघाटच्या शाळांत शिकवलेले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईतल्या फुटबॉल स्पर्धेचा रोव्हर्स कप हैदराबादला गेला.

त्या पाच वर्षांत आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता, हे लेकरांना जरूर सांगा. आपण मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्यानंतर बरोबर महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीमसाबच्या संघानं मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले आणि भारत त्या स्पर्धेत चौथा आला. ही आपल्याच जुन्या राजधानीतल्या एका मास्तरांची गोष्ट आहे. एवढं कळलं की लेकरांचं ऐकणं बदलतं.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडं येऊ. रहीमसाब हैदराबादेत पोरांसाठी अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात ड्रिबलिंगला, म्हणजे बॉल पायात घोळवत नेण्याला, बंदी असायची, आणि अशाही, ज्यात फक्त कमजोर पायानं खेळायचं असायचं. माझ्या मते त्यांची सगळी विद्या या दोन नियमांत सापडते. लेकराला 'पास दे, पास दे' म्हणून ओरडलं तर ते दोनदा देतं आणि तिसऱ्यांदा विसरतं. ड्रिबलिंगच बंद केलं की ओरडायची गरज उरत नाही. बॉल पायात आला की तो द्यावाच लागतो, आणि द्यायचा तर कुणीतरी मोकळ्या जागेत पळालेलं असावं लागतं. म्हणजे नियम बॉलवाल्याला घातलेला, पण शिकतात ते बाकीचे चार जण.

हा खेळ ३० बाय २० मीटरच्या चौकोनात पाच विरुद्ध पाच असा लावा. एकाला सलग दोनच टच, एक बॉल थांबवायला आणि एक द्यायला. तिसरा टच झाला की बॉल दुसऱ्या संघाचा. गोलकीपर ठेवू नका. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटरचे गोल ठेवा. खुणांसाठी विटा किंवा दगड कधीच वापरू नका. वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या किंवा सायकलचे जुने टायर बरे. रेषा फक्कीनं आखा, कळीच्या चुन्यानं नाही. तो डोळ्यात गेला किंवा खरचटलेल्या गुडघ्याला लागला तर भाजतो.

पहिल्या दिवशी काय होईल तेही सांगतो. सगळे दहाच्या दहा बॉलभोवती गोळा होतील, गुळाला मुंगळे लागावेत तसे. यावर ओरडून उपाय होत नाही. ग्राउंडच्या लांबीला समांतर दोन रेषा मारून तीन पट्टे करा आणि नियम सांगा की प्रत्येक पट्ट्यात आपल्या संघाचं किमान एक लेकरू हवंच, नाही तर गोल धरणार नाही. दुसरी अडचण म्हणजे घाबरलेलं लेकरू दोन टचच्या नादात बॉल आंधळेपणानं पुढं मारतं. त्यासाठी सलग पाच पास झाले की एक गुण द्या. तिसरी अडचण मुलामुलींच्या मिश्र संघात हमखास येते, मुलं मुलींना बॉलच देत नाहीत. गोलच्या आधीच्या तीन पासांत एक तरी मुलीचा असला पाहिजे असा नियम करा. दोन आठवड्यांत मुलं स्वतःच मुलींना हाका मारून बॉल देऊ लागतात, कारण आता त्यात त्यांचाही फायदा असतो.

कमजोर पायाचा खेळ मात्र जपून द्या. एका वेळी १५ मिनिटांच्या वर नको. लेकरं वैतागतात, आणि वैतागली की बॉल जीव खाऊन मारतात. मग जांघेत लचक भरते. म्हणून लांबून गोलवर मारणं नाही, फक्त चार मीटरवरून भिंतीवर पास. इथं तुम्ही बॉल पाहू नका, टेकलेला पाय पाहा. उजव्या पायाचं लेकरू डाव्यानं मारायला जातं तेव्हा त्याचा उजवा पाय बॉलच्या मागंच राहतो, मग शरीर मागं झुकतं आणि बॉल वर उडतो. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, एक वीत अंतरावर आला पाहिजे आणि त्याची बोटं जिकडं मारायचं तिकडं वळलेली हवीत. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट, बोटं वर ओढलेली, लागायची ती पावलाची आतली बाजू. घोटा सैल राहिला तर पट्टकन आवाज येण्याऐवजी थप्प असा येतो. हा फरक लेकरांनाच ऐकायला लावा, ती एकमेकांना दुरुस्त करतात. डावखुऱ्या लेकराला अर्थात उलटं.

एका बॉलवर ३४ लेकरं कशी खेळवायची? त्यांचे सहा संघ पाडा, चार सहा-सहांचे आणि दोन पाच-पाचांचे. सहांच्या संघात एक जण बदली. दर पाच मिनिटांनी दोन संघ ग्राउंडवर येतील असं चक्र ठेवा, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक संघ दोनदा खेळतो. खेळत नसलेल्या चार संघांपैकी दोन शाळेच्या भिंतीपाशी चिंध्यांच्या बॉलवर कमजोर पायाचा सराव करतील. जुने पायमोजे कापडानं गच्च भरून वरून सुतळीनं बांधले की झाला बॉल. तो उसळत नाही, लांब घरंगळत नाही, शिकणाऱ्याला उलट बराच पडतो. जुना व्हॉलीबॉल असेल तर थोडी हवा काढून तोही चालतो. तिसरा संघ पाणी पिऊन सावलीत बसेल. चौथ्याच्या हातात वही, तिच्याविषयी पुढं लिहितो. हळूहळू तीन लेकरांमागं एक बॉल या हिशेबानं बारा बॉल जमवा.

बॉल घेताना आकार पाहा. १२ वर्षांपर्यंत चार नंबरचा (घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर, वजन ३५० ते ३९० ग्रॅम), त्यापुढं पाच नंबरचा (६८ ते ७० सेंटिमीटर, ४१० ते ४५० ग्रॅम). सहावी ते आठवीसाठी दोन्ही लागतील. हातशिलाईचा बॉल मुरमावर दोन-तीन महिन्यांत उसवतो, कारण दोरा बाहेरून घासला जातो. आपल्याकडं सरावाला मोल्डेड रबरी बॉलच घ्या. पाच नंबरच्या बॉलसाठी नियमात हवेच्या दाबाची ८.५ ते १५.६ पीएसआय अशी मर्यादा आहे. टणक जमिनीवर खालच्या टोकाला, नऊच्या आसपास ठेवा, म्हणजे बॉल कमी उसळतो आणि पायालाही कमी लागतो. हवा भरताना कोरडी सुई कधीच घालू नका. वॉल्व्हचं रबर आतून चिरतं आणि मग रोज सकाळी बॉल बसलेला सापडतो. सुईला ग्लिसरीन लावा, नसेल तर निदान पाण्यात बुडवा आणि सरळ घाला.

आणि सराटे! आपल्याकडं बॉलचा सगळ्यात मोठा वैरी तोच. पावसाळ्यानंतर वेल वाळतो, काटे मातीत पडतात आणि एका फेरीत बॉलला दोन-तीन भोकं पडतात. वेल हिरवा असताना, फळ धरायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरात खुरप्यानं मुळासकट काढा. वाळल्यावर उपटला तर काटे तिथंच गळतात. राहिलेल्यांसाठी जुनं गोणपाट ओलं करून ग्राउंडवरून ओढा, काटे त्यात रुततात. बॉल बसला तर बादलीभर पाण्यात दाबून धरा. बुडबुडे वॉल्व्हमधून येत असतील तर ग्लिसरीननं कधीकधी काम भागतं. अंगातून येत असतील तर काटा आतच मोडलाय, तो चिमट्यानं काढल्याशिवाय पंक्चर काढून उपयोग नाही.

ग्राउंडबद्दल. काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल अशा भेगा पडतात. घोटे मुरगळतात ते या भेगांतच. खर्च न करता होण्यासारखं एकच, पावसाळा सरल्यावर वापसा आला की रोलर फिरवायचा. जास्त ओल असेल तर माती रोलरला चिकटून वर येते, वाळली असेल तर ढेकळं नुसती फुटतात. वापशाचे ते चार-पाच दिवस चुकवू नका. गावात शेती करणाऱ्या कुणालाही दिवस विचारा, बरोबर सांगेल. ग्रामपंचायतीची मदत मिळणार असेल तर पूर्ण ग्राउंडच्या मागं लागू नका, ३० बाय २० मीटरचा एक चौकोन मुरमाचा करून घ्या. चार इंच थराला साधारण २१ ब्रास बसतात, दबाई धरून २६-२७ मागवा. मुरूम उचलायला तहसीलची परवानगी लागते, ती आधी काढा. मधोमध दहा सेंटिमीटर उंच आणि दोन्ही लांब बाजूंना उतार ठेवा, कडेनं चर खणा. चर नसेल तर पाणी मुरमाखाली साचतं, खालची माती फुगते आणि एका पावसाळ्यात चौकोन उखडतो. अंगठ्याएवढे आणि मोठे खडे लेकरांकडून नाही, मोठ्यांकडून आधीच वेचून घ्या.

गोलपोस्ट लोखंडी करणार असाल तर तो जमिनीत पक्का रोवल्याशिवाय लेकरांना जवळ फिरकू देऊ नका. आडव्या पाइपाला लेकरू लोंबकळतं आणि सैल पोस्ट त्याच्या अंगावर येतो. यात जीव जातात. छोट्या खेळाला बाटल्या पुरेशा आहेत.

सिनेमा सुरू होतो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून. युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ हरवलं, तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, थंडीत, ओल्या गवतावर. त्यानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. हे पाहिल्यावर पालक विचारतील, गुरुजी, बूट घ्यायचे का? उत्तर आपल्या जमिनीप्रमाणे द्या. लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले बूट गवतासाठी असतात. टणक मातीवर ते रुतत नाहीत, सगळा भार टाचेवर येतो, आणि १० ते १४ वयात टाचेचं हाड वाढत असल्यामुळे लेकरू लंगडायला लागतं. त्यापेक्षा साधे कॅनव्हासचे बूट, किंवा बारीक रबरी गाठींचे टर्फ बूट. ज्यांच्याकडं नाहीत त्यांना अनवाणी खेळू द्या, पण मग त्या संघात सगळेच अनवाणी. एकाच खेळात बूट आणि उघडी बोटं एकत्र आली की नखं उखडतात.

जकार्ताचा भाग दाखवताना मात्र सिनेमा थांबवून बोला. १९६२ च्या एशियाडमध्ये जर्नेलसिंगला थायलंडविरुद्ध डोक्याला लागलं, टाके पडले. एरवी तो बचावफळीतला. रहीमसाबनं त्याला पुढं सेंटर फॉरवर्डला खेळवलं आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, २० व्या मिनिटाला जर्नेल असे दोन गोल झाले. पडद्यावर हे पाहून अंगावर काटा येतो. पण शाळेत हे चालणार नाही, हे लेकरांना त्याच मिनिटाला सांगा. डोक्याला मार लागला की खेळ तिथंच संपला, त्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर नाही. उलटी, वाढती डोकेदुखी, झापड, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. रात्री घरी मोठं माणूस जवळ असलं पाहिजे, म्हणून पालकांना फोन करा, निरोप लेकराबरोबर पाठवू नका. १२ वर्षांखालच्यांना हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारायचा, सराव देऊच नका.

आता ती वही. जकार्तात भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी होता आणि तो ०-२ असा गेला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०, उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२, आणि शेवटी पुन्हा तोच कोरिया, या वेळी २-१. हरलेल्या संघाकडून तोच प्रतिस्पर्धी पुढं हरवून घ्यायचा तर कुठं हरलो ते नेमकं माहीत असावं लागतं. लेकरांना विचारलं तर ती सांगतात 'रेफरीनं फसवलं' किंवा 'बंड्या खेळलाच नाही'. म्हणून वहीत ग्राउंडचा चौकोन काढा, उभा-आडवा भागून सहा घरं करा. आपल्या संघानं बॉल जिथं गमावला त्या घरात एक उभी रेघ, एवढंच. बाहेर बसलेल्या संघातल्या दोघांना हे काम द्या, एकानं पाहायचं आणि दुसऱ्यानं रेघ मारायची. खेळ संपला की पान सगळ्यांपुढं धरा. बहुतेक वेळा स्वतःच्या गोलसमोरच्या दोन घरांत रेघांची गर्दी दिसेल. याचा अर्थ लेकरं धोक्याच्या जागी बॉल थांबवायला जातात. पुढच्या तासाला त्या दोन घरांत एकच टचचा नियम लावा. पुढच्या आठवड्यात तिथल्या रेघा कमी झाल्या की नाही ते लेकरं स्वतःच मोजतात.

वेळेचं गणित आपल्याकडं वेगळं आहे. मार्चनंतर सकाळी सव्वासहा ते साडेसात एवढंच, दुपारी नाही. दर १५ मिनिटांनी पाणी. माठाशेजारी एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेलं पाणी ठेवा. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. जे लेकरू उन्हात घाम येणं थांबून बडबडायला लागतं त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि गाडी बोलवा.

आणि तांडा-वस्तीवरची लेकरं. तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला. सरावाला हैदराबादेत यायला त्याच्याकडं पैसे नव्हते, तेव्हा सायकल भाड्यानं घ्यायला पैसे रहीमसाब देत. पुढं हाच बलराम मेलबर्नला आणि जकार्ताला खेळला. तुमच्याकडं ही अडचण शेवटच्या एसटीची असेल. सराव शाळेच्या आधी ठेवा, नंतर नको. मुलींच्या घरून नकार येतो तोही बहुतेक वेळेचाच असतो, खेळाचा नसतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला आई-बाप गेले की संघातली काही लेकरं त्यांच्यासोबत जातात. हे आधीच धरून चाला. ऑगस्टपर्यंत प्रत्येक जागेवर दोघं तयार ठेवा आणि गावात हंगामी वसतिगृह असेल तर त्या पालकांशी पोळ्याच्या सुमारासच बोला, टोळी निघायच्या आदल्या दिवशी नाही.

सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला उतरायचं असेल तर तालुका-जिल्हा पातळी पावसाळ्यातच उरकते. वयोगट दरवर्षीच्या परिपत्रकात पाहून घ्या आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जूनमध्येच चौकशी करा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख यांत एका दिवसाचाही फरक असेल तर लेकरू ग्राउंडवर पोचूनही बसवलं जातं. या तिन्ही तारखा पहिल्या आठवड्यातच ताडून घ्या.

पहिल्या वर्षी मात्र स्पर्धेपेक्षा ती वही नीट भरा. प्रत्येक पानावर तारीख टाका, पाने फाडू नका. होळीनंतर ऊसतोडीची लेकरं परत आली की त्यांना ग्राउंडवर घेण्याआधी ऑक्टोबरचं पान आणि आत्ताचं पान शेजारी शेजारी दाखवा. आपण नसताना गोलसमोरची ती दोन घरं कशी रिकामी झाली, ते त्यांना त्यात दिसेल.